गाडी सरळ का चालत नाही : प्रस्तावना

इंजिन बिघडलं की गाडी बंद पडते आणि बंद पडलेली गाडी दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नसतं. चालीचा बिघाड तसा नसतो. हँडल थरथरतं, वळणावर मागचं चाक सरकल्यासारखं वाटतं, गाडी एका अंगाला ओढते, पण चालत राहते. माणूस हातांनी सावरून घेतो, चार-आठ दिवसांत सावरण्याची सवय होते आणि मग बिघाड आहे हेच ध्यानात राहत नाही. ज्या दिवशी अचानक कुत्रं आडवं येतं किंवा दिवे नसलेली उसाची ट्रॉली चुकवावी लागते, त्या दिवशी हातांना तेवढी सवड मिळत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली १०० पैकी ४४हून जास्त दुचाकीवरची होती. त्यांतले किती अपघात सैल कोनसेटमुळे (हँडलच्या दांडीच्या बेअरिंगमुळे) किंवा गोटा झालेल्या टायरमुळे झाले, हे पंचनाम्यात क्वचितच येतं. ही पुस्तिका अशा चालीच्या बिघाडांबद्दल आहे. ते ओळखायचे कसे, सुरुवात कुठून करायची आणि पैसे खर्च करण्याआधी फुकटात काय काय तपासून होतं, एवढाच तिचा विषय.

चुडावा आणि आसपासच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या मधलं हे स्टेशनाचं गाव, परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं. रेल्वे गावाला आहे, पण शेत, बँक, दवाखाना आणि आठवडी बाजार काही रुळांच्या कडेनं मांडलेले नाहीत. ती सगळी धावपळ दुचाकीवरच होते आणि बहुतेक घरांत ती एकच असते. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन, दुपारी युरियाची ४५ किलोची गोणी, संध्याकाळी नवरा-बायको आणि मधे लेकरू. गॅसची भरलेली टाकी म्हटली तरी जवळजवळ ३० किलो, आणि ती नेहमी आडवी बांधून आणली जाते. पुण्यात १९६६पासून असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत गाड्यांच्या चाचण्या होतात तेव्हा गाडीवर किती वजन आणि ते कुठे, हे आधी ठरलेलं असतं. इथे ते दिवसातून चार वेळा बदलतं. म्हणून गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतं.

उरलेली अर्धी वाट काळ्या मातीची आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि भेगाळते. डांबराखाली मधोमध ओल बरीचशी एकसारखी राहते, पण कडेला ती आधी शिरते आणि आधी सुकते. त्यामुळे कड उठते, बसते, आणि तिला समांतर लांबच लांब भेगा पडतात. चारचाकीच्या चालकाला त्या जाणवतही नाहीत. दुचाकीवाला मात्र मोठ्या गाड्यांच्या धाकानं नेमका त्याच कडेनं चालत असतो. अरुंद टायर भेगेच्या काठावर चढला की हँडल आपोआप वळतं आणि माणूस म्हणतो, गाडीत काहीतरी आहे. तेव्हा गॅरेजच्या वाटेला लागण्याआधी पाहायचं ते हे की दोष गाडीचा आहे की रस्त्याचा. त्याच पट्ट्यावरून दुसऱ्याची धड असलेली गाडी नेऊन पाहा, आपली गाडी दुसऱ्या रस्त्यावर नेऊन पाहा. गाडी डावीकडे ओढते अशी तक्रार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाणी निथळावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो आणि डाव्या बाजूनं चालणारी निर्दोष गाडीही किंचित डावीकडे झुकते. बाजार समितीच्या आवारासारख्या सपाट फरशीवर ती सरळ चालली तर दुरुस्त करायला काही नाही.

आता थोडं शास्त्र. ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटारसायकलच्या स्थैर्यावर एक निबंध लिहिला आणि या विषयाचा अभ्यास पुढे त्याच पायावर उभा राहिला. त्यांनी गाडीकडे दोन ताठ तुकडे म्हणून पाहिलं. एकात पुढचं चाक, शॉकअप आणि हँडल, दुसऱ्यात चेसी, इंजिन, मागचं चाक आणि चालक. दोन्ही तुकडे हँडलच्या दांडीपाशी एकमेकांत फिरतात. अशा जोडणीच्या तीन हालचाली गणितातून निघतात. पहिली म्हणजे सावकाश एका अंगाला कलत जाणं. ते आपण न कळत सावरत असतो. दुसरी, वेगात अख्खी गाडी शेपूट हलवल्यासारखी डुलणं, सेकंदाला दोन ते चार वेळा. तिसरी, नुसतं हँडल आणि पुढचं चाक थरथरणं, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. दुसऱ्या हालचालीची कारणं बहुधा मागच्या भागात असतात: कमी हवा, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे झिजलेले बुश, थकलेले शॉकअप, अ‍ॅक्सलच्याही मागे लटकणारं वजन. तिसरीची कारणं पुढच्या भागात. माझ्या मते मिस्त्रीला या विषयातला एवढा एकच धागा पक्का ठाऊक असला तरी त्याचं निम्मं काम सोपं होतं.

थरथरीचं गणित तर हातानं करून पाहण्यासारखं आहे. १८ इंची चाकाचा टायरसकट घेर पावणेदोन ते दोन मीटरच्या दरम्यान भरतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेसतरा मीटर. म्हणजे त्या वेगाला चाक सेकंदात जवळजवळ नऊ वेळा फिरतं, ५०च्या वेगाला सात-साडेसात वेळा. हँडलची स्वतःची थरथर नेमकी याच पट्ट्यात येते. पुढच्या चाकात कुठे असमतोल असेल तर प्रत्येक फेऱ्याला बसणारा झटका आणि हँडलची थरथर यांचा ताल जुळतो, आणि ४५ ते ६०च्या दरम्यान हँडल नाचतं. त्याच्या खाली-वर सगळं ठीक वाटतं. इथला सगळ्यात साधा असमतोल म्हणजे चिखल. पेरणीच्या दिवसांत शेतातून आलेल्या गाडीच्या अलॉय रिमला आतून काळा चिखल चिकटतो, रात्रीतून वाळतो आणि सकाळी अर्धा गळून पडतो. अर्धा राहतो, एकाच बाजूला. आसापासून वीतभर अंतरावर चिकटलेला १०० ग्रॅमचा पोपडा ६०च्या वेगाला सहा किलो वजनाएवढ्या जोरानं चाकाला बाहेर खेचतो, सेकंदातून नऊ वेळा. त्याला औषध खुरपं आणि पाण्याची बादली. असं हँडल नाचायला लागलं तर जोरात ब्रेक मारू नका, हँडल करकचून धरू नका. हलक्या हातानं धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. चाचणी म्हणून चालत्या गाडीवर दोन्ही हात सोडणं हा तर जिवाशी खेळ आहे. तसं करायला या पुस्तिकेत कुठेही सांगितलेलं नाही.

सगळ्यात मोठी अडचण यंत्राची नसते, तक्रारीची असते. "मिस्तरी, हँडल लई हालायलंय" एवढ्यावर गाडी उघडली जाते, कोनसेट बदलला जातो, पैसे दिले जातात आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. चांगला मिस्त्री आधी पाना उचलत नाही, विचारतो: "मामा, कव्हा हालतंय? ब्रेक मारल्यावर, का अशीच चालू असताना? मोकळी असताना, का गोणी टाकल्यावर? कव्हापासून?" मामा आठवून सांगतात की ब्रेक मारल्यावरच, आणि मागच्या महिन्यात चाकाचं काम केल्यापासून. झालं, दहा शक्यतांतल्या सात गळाल्या. ब्रेक दाबल्यावर हँडलला एका लयीत धक्के बसत असतील तर ड्रम लंबगोल झालाय किंवा डिस्क वाकलीय. एकदाच 'टक' होऊन थांबत असेल तर कुठला तरी सांधा सैल आहे. इथे नव्या गाड्यांची एक फसगत सांगून ठेवतो. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस बंधनकारक झालं. सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. अशा गाडीवर "मागचा ब्रेक दाबला की हँडल हालतंय" ही तक्रार अजिबात चुकीची नाही. दोष पुढच्या ड्रममध्ये असू शकतो, आणि मागचे लायनर बदलून तो जाणार नाही.

कोनसेटवर या पुस्तिकेत सगळ्यात जास्त पानं खर्च झाली आहेत, कारण खडबडीत रस्त्यांवर आधी मरतो तो हाच भाग आणि सगळ्यात वाईट दुरुस्ती होते तीही याचीच. गाडी डबल स्टँडवर लावा, कोणाला तरी मागचं कॅरिअर दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. आता दोन बोटांनी हँडल अगदी सावकाश मधून डावीकडे, मग उजवीकडे न्या. हात मऊ गेला पाहिजे. मधोमध आल्यावर हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखं अडकलं तर समजा की वाट्यांना छर्‍यांनी खड्डे पाडलेत. हे खड्डे मधोमधच का? कारण गाडी हजारो किलोमीटर जवळपास सरळच चालते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा छर्‍यांना त्याच त्याच जागी वाटीवर आदळतो आणि ग्रीस तिथूनच पिळून निघतं. अशी गाडी कमी वेगात सरळ रेषा धरत नाही. हँडल त्या खाचेतून बाहेर पडायला कांकूं करतं, मग एकदम जास्त वळतं, आणि चालक दिवसभर बारीक बारीक उलटसुलट सावरत राहतो. संध्याकाळी मनगटं दुखतात ती यामुळे. ती खाच जाईना म्हणून वरचा नट आवळणं हा सर्रास चालणारा उपाय आहे आणि तो साफ चुकीचा आहे. नट आवळल्यानं खाच जात नाही, उलट हँडल तिच्यात आणखी घट्ट रुतून बसतं.

उलट बाजूचा दोष म्हणजे सैलपणा. चाक अधांतरी असतानाच दोन्ही शॉकअप खालून धरून मागे-पुढे ओढा. 'टक टक' ऐकू आली की बहुतेक जण लगेच कोनसेटचं नाव घेतात. पण ती 'टक' शॉकअपच्या आतल्या झिजेची असू शकते, चाकाच्या बेअरिंगची असू शकते, ब्रेक प्लेटचीही. खात्री करायला एक बोट पुरतं. शॉकअप धरणारी खालची टी आणि चेसीची नळी जिथे भेटतात त्या फटीवर बोट ठेवा आणि दुसऱ्याला शॉकअप ओढायला सांगा. फट बोटाला हललेली कळली तरच कोनसेट, नाहीतर बोट खाली सरकवत जा. नवा सेट बसवल्यावरही काम संपत नाही. वाट्या पूर्ण बसल्या नसतील तर थोड्याच दिवसांत सेट पुन्हा सैल होतो, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर गाडी परत दाखवायला सांगणं हा दुरुस्तीचाच भाग समजावा.

गाडी पडल्यानंतरच्या तक्रारींत एक प्रसंग ठरलेला असतो. चिखलात गाडी आडवी झाली, उचलली, आणि चाक सरळ असताना हँडल वाकडं दिसतंय. घरची मंडळी काळजीत, कारण कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की चेसी गेली किंवा पाइप बेंड झाले. बऱ्याच वेळा यातलं काहीही झालेलं नसतं. शॉकअपचे पाइप टीमध्ये बोल्टांनी पकडलेले असतात आणि धक्क्यानं ते पकडीतच किंचित फिरतात. टीचे बोल्ट, मडगार्डचे बोल्ट आणि अ‍ॅक्सलचा नट थोडे सैल करा, पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरा, हँडल चाकाच्या रेषेत आणा, बोल्ट पुन्हा आवळा. अ‍ॅक्सल शेवटी आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून गाडी दोन-चार वेळा खाली दाबली की दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. सुट्या भागांचा खर्च शून्य. एवढं करूनही वाकडेपणा राहिला तर मात्र पाइप काढून सपाट काचेवर लोळवायचा, वाक लपत नाही. किंचित वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून वापरतात, त्यावर दुमत आहे. ज्या पाइपला सुरकुती पडलीय तो सरळ करून परत बसवू नये, यावर दुमत असू नये.

टायरचं प्रकरण पुस्तिकेत सगळ्यात आधी आहे. कोणतीही तक्रार असो, तपासणी तिथूनच सुरू व्हावी आणि तीही टायर थंड असताना, मीटर लावून. अंगठ्यानं दाबून हवा कळते हा समज सोडायला हवा. एकटा असताना किती आणि मागे माणूस असताना किती, हे आकडे माहितीपुस्तकात आणि बहुतेक गाड्यांवर चेनकव्हर किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतात. स्टिकर सहसा चिखलाखाली असतं, ते पुसून वाचा. मागच्या चाकाचे आकडे दोन असतात आणि त्यांत बराच फरक असतो. गोणी लादताना दुसरा आकडा लागतो. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं, कडक होतं, आणि पहिल्या पावसात ते कळतं. सरळ रस्त्यावरच चालून मधोमध सपाट झालेला टायर वळणावर आधी कलायला नकार देतो आणि मग एकदम कलतो. तसाच अनुभव रुंद टायरचा. देखणेपणासाठी अरुंद रिमवर जाड टायर चढवण्याची जी हौस आलीय तिच्या मी पूर्ण विरोधात आहे. रिम त्याला दोन्ही बाजूंनी आवळते, टायरचा आकार टोकदार होतो आणि गाडी वळणात पडल्यासारखी जाते.

मागच्या चाकाची रेषा तपासायला सुतळी पुरते. चेन ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या म्हणजे चाक सरळ, असं गृहीत धरलं जातं, पण त्या खुणा नेहमीच अचूक नसतात. सुतळी मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी पुढे ओढून नेली की पुढच्या चाकाशी डाव्या-उजव्या बाजूला सारखी फट दिसली पाहिजे. चेन २० ते ३० मिलिमीटर ढिली ठेवायची, गोणी लादल्यावर तिला ताण बसतो म्हणून त्याहून घट्ट नको. तारांची रिम असेल तर प्रत्येक तारेवर पान्यानं हलकेच टिचकी मारा, सैल तार बद्द वाजते. रिमचा आउट दोन मिलिमीटरच्या पुढे गेला की तो काढायलाच हवा.

शॉकअपबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आत तपशील आहे. आपल्याकडे त्यांना दोषही फार दिला जातो आणि ते बदललेही फार जातात. हे भाग काही परदेशातून येत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्ये, म्हणजे मराठवाड्यातच, एन्ड्युरन्ससारख्या कंपनीत दुचाकींचे शॉकअप तयार होतात, आणि नीट सांभाळले तर ते खूप टिकतात. सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा नाचली तर आतलं तेल किंवा झडप संपलीय. मागच्या दोन्ही शॉकअपची स्प्रिंग एकाच खाचेवर आहे ना, एवढं पाहा. एक दुसऱ्या खाचेवर आणि एक चौथ्या, अशा गाड्या किती तरी फिरतात. पुढच्या शॉकअपमध्ये फोर्क ऑइलच्या जागी उरलेलं इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत थांबली पाहिजे. ते जास्त घट्ट असतं, त्यामुळे शॉकअप बारीक खड्ड्यांवर हलतच नाही आणि सगळा मार कोनसेटवर जातो. दोन्ही पायांत तेल सारखं मोजून भरणं हे तेलाच्या जातीइतकंच महत्त्वाचं आहे.

पुस्तिका वापरताना एक शिस्त मात्र पाळावी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर, त्याच वजनानं, त्याच वेगानं गाडी पुन्हा चालवून पाहा. हवा भरली, कोनसेट आवळला आणि चेन ओढली, हे तिन्ही एकदम केलं तर थरथर गेली तरी कशानं गेली ते कळत नाही आणि परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटच्या पानांवर रकाने आखून दिले आहेत: तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत, वेग, वजन, रस्ता, काय बदललं, काय फरक पडला. मिस्त्रींनी ते भरावेत ही विनंती आहे. वर्षभराच्या अशा नोंदी असल्या तर नव्या पोराला हा धंदा शिकवायला दुसरं पुस्तक लागणार नाही.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र पुढची तपासणी रस्त्यावर करायची नाही. चेसीच्या पुढच्या नळीपाशी रंगाला गेलेली बारीक, गंजलेली रेघ, टायरच्या अंगावर आलेला फुगा, शॉकअपच्या पाइपवरची सुरकुती, किंवा मागचं चाक हातानं आडवं ढकलल्यावर चिमट्यासकट हलणं. यांतलं एकही आढळलं तर गाडीवर बसू नका. घर जवळ असेल तर ढकलत न्या, नसेल तर टेम्पोत घालून गॅरेजला आणा.